सीलिॲक आजार आणि विदर्भातले घर : तपासणीपासून दळणापर्यंत

लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नसेल, तर विदर्भात पहिला संशय सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जातो, आणि या भागातील त्याचे प्रमाण पाहता तो जायलाच हवा. त्यानंतर जंतांचे औषध दिले जाते; पोट दुखत असेल आणि वजन उतरत असेल, तर पोटाच्या क्षयाचा विचार होतो. गव्हामुळे आतडे बिघडवणाऱ्या सीलिॲक आजाराची पाळी या रांगेत फार उशिरा येते, कित्येकदा येतच नाही, कारण हा पंजाब-हरियाणाकडच्या, पोळीवर जगणाऱ्या लोकांचा आजार आहे अशी समजूत आहे.

ही समजूत अगदी निराधार नाही. हरियाणा, आसाम आणि तमिळनाडू या तीन ठिकाणच्या प्रौढांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांना हा आजार असल्याचे आढळले. मात्र या आजारासाठी लागणारी जनुकीय प्रवृत्ती तिन्हीकडे जवळपास सारखीच होती. मोठा फरक होता तो रोजच्या खाण्यातल्या गव्हाचा. ज्या घरांत पूर्वी गहू सणावारापुरता लागे, तिथे आता सकाळ-संध्याकाळ पोळी होते आणि मधल्या वेळी मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. त्यामुळे हा आजार आपल्याकडचा नाही असे म्हणून तो बाजूला टाकणे आता योग्य नाही.

आजार नेमका काय आहे

गहू, जव आणि राय या धान्यांतील विशिष्ट प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. जनुकीय प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींच्या लहान आतड्यात ग्लुटेन पोचले की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक रसांकुर असतात आणि अन्नातले सत्त्व त्यांच्यामार्फत रक्तात जाते. ते झिजून सपाट झाले की माणूस पोटभर जेवूनही उपाशीच राहतो. बोलताना याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात, पण अंगावर पित्त उठवणारी ॲलर्जी आणि हा आजार वेगळे आहेत. इथे नुकसान आतल्या आत आणि हळूहळू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये पावाचा तुटवडा पडला, तेव्हा या आजाराची मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. गव्हावर आधीपासून संशय असलेले तेथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना यातून मोठी पुष्टी मिळाली.

लहान मुलांत सतत पातळ किंवा दुर्गंधीयुक्त शौच, फुगलेले पोट, बारीक हातपाय, चिडचिड आणि खुंटलेली उंची ही ठळक लक्षणे दिसतात. मोठ्यांत मात्र जुलाब मुळीच नसतील असेही होते. न भरून येणारा रक्तक्षय, तोंडात वारंवार येणारे फोड, हाडांचे दुखणे, मुलीची पाळी उशिरा सुरू होणे, गर्भ न राहणे किंवा वारंवार पडणे, यांपैकी एखादीच तक्रार असू शकते. कोपरे, गुडघे आणि ढुंगण यांवर अतिशय खाजणारे बारीक पाण्याचे फोड येणे हेही याच आजाराचे एक रूप आहे. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर पुढे न सरकणारे मूल पोषण पुनर्वसन केंद्रात जाऊन आल्यावरही तिथेच घुटमळत असेल, तर ‘खाऊ घालत नसतील’ असा आईवर ठपका ठेवण्याआधी ही तपासणी मागून घ्यावी.

आधी तपासणी, मग पथ्य

हा क्रम उलटला की पुढचे सगळे अवघड होते. कोणी सांगितले म्हणून पोळी बंद केली आणि महिन्याभराने बरे वाटू लागल्यावर तपासणीला गेले, तर रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) उतरलेली असतात, आतडे भरून येऊ लागलेले असते आणि अहवाल नॉर्मल येतो. मग खात्रीसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा सहा-आठ आठवडे रोज एक-दोन पोळ्या खाव्या लागतात, आणि तो काळ रुग्णासाठी त्रासाचा असतो. म्हणून निदान हाती येईपर्यंत पोळी चालू ठेवावी.

पहिली तपासणी रक्ताची असते. तिचे नाव टीटीजी-आयजीए, आणि तिच्याबरोबर एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजणे आवश्यक आहे, कारण काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते आणि त्यांचा टीटीजी अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो. तालुक्याच्या ठिकाणी रक्त घेऊन नमुना नागपूर किंवा पुण्या-मुंबईकडच्या प्रयोगशाळेत पाठवणारी केंद्रे असतात, त्यामुळे या टप्प्यासाठी सहसा दूर जावे लागत नाही. टीटीजी वाढलेले आल्यास दुसरा टप्पा दुर्बिणीचा: तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अस्तराचे काही तुकडे घेतले जातात. ‘तुकडा काढला’ म्हटले की घरचे कर्करोगाच्या भीतीने हादरतात. ही तपासणी त्यासाठी नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगावे. यासाठी नागपूर, सेवाग्राम, अकोला, यवतमाळ अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या गावी जावे लागू शकते, म्हणून जाण्याआधी तिथे दुर्बिणीचा वार कोणता आहे हे विचारून घ्यावे. मुलांत टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली ईएमए ही प्रतिपिंडांची आणखी एक तपासणीही सकारात्मक आली, तर बालपोटविकारतज्ज्ञ तुकडा न घेताही निदान करू शकतात, पण तो निर्णय त्यांचा आहे.

केवळ तुकड्यात रसांकुर झिजलेले दिसले म्हणून सीलिॲक ठरत नाही. जुनाट जंतुसंसर्ग आणि क्षय यांनीही आतड्याचे अस्तर बिघडते, म्हणून रक्ताचा अहवाल, तुकडा आणि पथ्यानंतरची सुधारणा हे तिन्ही जुळावे लागते. उलट, जनुकांची तपासणी सकारात्मक आली म्हणजे आजार आहे असेही नाही. सुमारे एक-तृतीयांश लोकांत ती जनुके असतात आणि त्यांतल्या थोड्यांनाच आजार होतो. ती तपासणी नकारात्मक आली तरच खरी उपयोगाची, कारण मग आजार जवळजवळ नाकारता येतो.

ताटात काय राहते आणि काय जाते

निदान झाले की उपचार एकच: ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद. औषधाने हा आजार बरा होत नाही, आणि तो मुळापासून काढून देतो म्हणणाऱ्या चूर्णावर पैसे घालवू नयेत. खपली, बन्सी, शरबती किंवा मोड आणलेला गहू पचायला हलका असेलही, पण तो गहूच आहे आणि या रुग्णाला तितकाच घातक आहे. देशी वाणाच्या नावाखाली हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, म्हणून हे स्पष्ट सांगितलेले बरे.

या बाबतीत विदर्भातले घर दिल्लीच्या घरापेक्षा सुदैवी आहे. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, कण्या, आंबील, पिठले, झुणका, गोळाभात, वडाभात, पाटोडीचा रस्सा, ज्वारीचे धापोडे, यांपैकी कशातही मूळचा गहू नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तर जेवण भातावरच चालते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, फल्लीदाणे, तीळ, जवस, दूध, अंडी, मांस, मासळी, भाज्या आणि फळे चालतात. उपासाचा दिवस या रुग्णाला त्यातल्या त्यात निवांत जातो, हे घरोघरी लवकरच लक्षात येते.

जाणाऱ्या पदार्थांत पोळी, पुरी, रोडगे, पानगे, लांब रोटी, पुरणपोळी, कुरड्या, शेवया, गव्हाची खीर, रव्याचा शिरा, दलिया, पाव, टोस्ट, बिस्किटे, समोसा, कचोरी, जिलबी, गुलाबजाम आणि नूडल्स आहेत. हे उघड शत्रू झाले. लपून येणारे अधिक त्रास देतात. बाजारातल्या बांधणी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. तांदळाच्या पिठातले हिंग पाकीट वाचून घ्यावे, नाही मिळाले तर फोडणी लसूण-जिऱ्यावर भागवावी. सांबारवडीचे (कोथिंबिरीच्या वडीचे) सारण निर्दोष असले, तरी तिच्या पारीत बेसनाबरोबर मैदा किंवा कणीक घालण्याची पद्धत आहे. सातूचे पीठ, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांत बहुधा गहू असतो. दुधात घालायच्या अनेक पौष्टिक पावडरींत गव्हाचे किंवा जवाचे माल्ट असते, आणि अशक्त मुलाला नेमकी तीच दिली जाते. चायनीज गाडीवरच्या सोया सॉसमध्येही गहू असतो. ओट्स मुळात वेगळे धान्य आहे, पण कारखान्यात ते गव्हात मिसळते, म्हणून ग्लुटेनमुक्त छापलेले नसेल तर टाळावे.

दळण : खरी अडचण इथे आहे

भाकरी खाऊनही टीटीजी उतरत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या कुटुंबाला पहिला प्रश्न ज्वारी कुठे दळता हा विचारावा. गावच्या चक्कीवर वरच्या पत्र्याच्या पेटीत धान्य ओततात, ते दोन दगडांमधून भरडले जाते आणि खालच्या कापडी नळीतून पीठ डब्यात पडते. कोणाचे तरी दहा किलो गहू दळून झाल्यावर ती नळी हाताने झटकून पाहावी: जो पांढरा धुरळा उठतो, तो पुढच्या माणसाच्या ज्वारीत जायचा असतो. दगडांच्या खाचांत आणि पेटीच्या कोपऱ्यांत अडकलेले पीठ वेगळेच.

आता हिशेब पाहू. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने आठ ते दहा टक्के ग्लुटेन असते. दहा किलो ज्वारीत आधीच्या दळणाचे केवळ मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम, पीठ उतरले, तरी चार-पाच ग्रॅम ग्लुटेन आले. म्हणजे किलोमागे चारशे ते पाचशे मिलिग्रॅम. ग्लुटेनमुक्त म्हणून विकण्याच्या अन्नासाठी आपल्या देशात किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसते आणि ५० मिलिग्रॅम रोज गेले तर आतड्याला इजा होऊ लागते, असे मानले जाते. त्या चक्कीच्या पिठाच्या दोन-तीन भाकरींतच पन्नासची ही पातळी गाठली किंवा ओलांडली जाते.

यावर सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे घरघंटी, तीही नवी किंवा कधीच गहू न दळलेली, आणि घरातल्या इतरांचा गहू तिच्यात चुकूनही न टाकण्याची अट पाळून. खर्च मोठा आहे, पण घरातल्या सगळ्या भाकरीच्या पिठासाठी ती वापरली की दळणाचे पैसे वाचतात. दुसरा उपाय जाते. ते अडगळीतून काढले असेल, तर पूर्वी त्यावर काय दळले होते हे आठवावे, ब्रशने घासून काढावे आणि पहिले दळण गुरांना घालावे. एका माणसापुरते पीठ चांगल्या मिक्सरवरही निघते. ज्वारी थोडी भरडली जाते आणि भाकरी फुटते, पण पीठ दोनदा काढून बारीक चाळणीने चाळले व उकळत्या पाण्यात उकड काढून मळले, तर ती थापता येते. तिसरा मार्ग चक्कीवाल्याशी बोलण्याचा. अनेक चक्क्यांवर एकापेक्षा जास्त यंत्रे असतात, त्यांपैकी एखाद्यावर तो कधीच गहू घेत नसेल आणि तसे तोंडावर सांगत असेल, तर ते वापरता येईल, तरी हवेतला धुरळा उरतोच. ‘सकाळी पहिले दळण तुमचे घेतो’ हे आश्वासन चांगल्या मनाने दिलेले असते, पण रात्रीचे पीठ दगडात तसेच असते. दोन किलो ज्वारी आधी दळून ती बाजूला काढली, तर प्रमाण घटते, पण खात्री मिळत नाही. मुलासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

दळण्याआधीचे निवडणेही तेवढेच महत्त्वाचे. रब्बीत हरभरा आणि गहू शेजारी-शेजारी असतात, मळणी त्याच यंत्रात होते, आणि पोतीही उलटसुलट वापरली जातात. हरभऱ्याची डाळ स्टीलच्या ताटात, उजेडात, एकेरी थराने पसरली तर लांबट, मधोमध चीर असलेला गव्हाचा दाणा लगेच नजरेस पडतो. ज्वारीतही तसेच. दाणे वेचावेत, धान्य पाण्यातून काढून स्वच्छ धुवावे आणि कडक उन्हात घरच्या स्वच्छ कापडावर वाळवावे. शेजाऱ्यांच्या कुरड्या ज्या चादरीवर वाळल्या, तिच्यावर नाही. बाजारचे सुटे बेसन घेण्यापेक्षा डाळ निवडून घरीच दळणे बरे, कारण त्यात काय मिसळले आणि ते कुठे दळले हे कळायला मार्ग नसतो.

स्वयंपाकघर

सगळे घरच ज्वारी-तांदळावर आले, तर काम निम्मे होते. ते शक्य नसेल, तर रुग्णाचा स्वयंपाक आधी आणि पोळ्या नंतर करण्याचा नियम ठेवावा. स्टीलची भांडी नीट घासली की पुरेसे असते. लाकडी पोळपाट, लाटणे आणि वर्षानुवर्षे कणीक मुरलेली काठवट मात्र धुऊन शुद्ध होत नाहीत. भाकरी नव्या स्टीलच्या परातीत थापावी. तवा वेगळा आणि चाळणी तर नक्कीच वेगळी असावी, कारण तिच्या जाळीतले पीठ निघत नाही. तळणाचे तेल कुरड्या किंवा पुऱ्या तळलेले नको, कारण उष्णतेने ग्लुटेन नष्ट होत नाही. सगळ्यांच्या वरणात पोळीचा घास बुडतो, म्हणून रुग्णाचे वरण आणि भाजी आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवावी. उन्हाळ्याच्या वाळवणात तांदळाच्या कुरड्या, धापोडे, साबुदाण्याच्या चकल्या आणि मुगाच्या वड्या वेगळ्या दिवशी घालाव्यात.

केवळ भातावर दिवस काढणे हे पथ्य नव्हे. भाकरी, डाळ, हिरवी भाजी, जवसाची चटणी, अंडे आणि जेवणावर पिळलेले लिंबू यांनी लोह, प्रथिने आणि चोथा भरून येतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून आठवड्यातून काही वेळा तिची भाकरी किंवा आंबील असावी. सुरुवातीला दूध पचले नाही तर घाबरू नये. अस्तर भरून आल्यावर ते बहुधा पुन्हा सोसते, तोवर ताक-दही चालते का ते पाहावे.

रेशन, अंगणवाडी, शाळा

प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, त्यात गहू किती आणि तांदूळ किती हे शासन ठरवते. आजारपणामुळे सगळा तांदूळच मिळेल असे धरून घरचे नियोजन करू नये. गव्हाचा वाटा इतरांनी खावा आणि तो वेगळ्या कोठीत राहावा. अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहारात गहू असू शकतो, म्हणून पाकीट वाचून मगच मुलाला द्यावे आणि सेविकाताईंना आजाराचा कागद दाखवून ठेवावा. शाळेतला पोषण आहार मुख्यतः तांदळाचा असल्याने खिचडी चालते, पण हिंग कोणते आणि त्या दिवशी शेवया किंवा दलिया आहे का, हे स्वयंपाकी ताईंना विचारावे. वाढदिवसाला वाटली जाणारी बिस्किटे ही मुलाची खरी परीक्षा असते. गुरुजींकडे चिक्की किंवा राजगिऱ्याच्या लाडवांचा छोटा डबा देऊन ठेवला, तर मूल हिरमुसत नाही.

पंगत आणि सासर

लग्नाच्या पंगतीत साधा भात सहसा निभावतो. वरणातले हिंग, रश्श्यात घट्टपणासाठी घातलेले पीठ आणि पुऱ्यांच्या कढईत तळलेली भजी निभावत नाहीत. घरून भाकरी-ठेचा नेणे सोयीचे. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. तो हातात घेऊन कपाळाला लावावा आणि दुसऱ्याला द्यावा, त्याने अवमान होत नाही. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी वाटली जाणारी तांदळाची खीर बहुधा चालते, तीत शेवया नाहीत एवढे पाहावे.

मुलीच्या लग्नात हा आजार लपवण्याकडे घरच्यांचा कल असतो. त्याचा परिणाम असा होतो की सासरी ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर पोळी खाते, रक्त उतरते, दिवस राहत नाहीत आणि दोष तिच्या माथी येतो. पथ्य पाळणाऱ्या स्त्रीचे बाळंतपण सहसा इतरांसारखेच होते, हे डॉक्टरांच्या तोंडून सासरच्यांना आधी ऐकवणे अधिक शहाणपणाचे आहे.

पाकिटे, चूक आणि पुढची वर्षे

पाकिटावरच्या घटकांत गहू, मैदा, रवा, जव किंवा माल्ट हे शब्द शोधावेत आणि ॲलर्जीसंबंधीची ओळ वाचावी. ‘ग्लुटेनमुक्त’ छापलेली महागडी बिस्किटे नागपुरातून आणण्याची गरज नाही. फुटाणे, मुरमुरे, केळी, फल्लीदाणे आणि गूळ एवढ्यावर एसटीचा दिवसभराचा प्रवास होतो.

चुकून गहू पोटात गेला तर त्यावर उतारा नाही. जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी द्यावे, हलके जेवण द्यावे आणि पुढच्या जेवणापासून पथ्य पूर्ववत चालू करावे. ‘खाऊन काही झाले नाही’ हा पुरावा मानू नये, कारण लक्षणे नसतानाही आतडे झिजत असते.

पथ्य सुरू केल्यावर भूक आणि शौच काही आठवड्यांत सुधारतात. मुलांची आतडी सहसा काही महिन्यांत भरून येतात, प्रौढांना दोन वर्षेही लागू शकतात. टीटीजी सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी तपासावे. त्यासोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड आणि बी-१२ जीवनसत्त्वे, थायरॉइड आणि मुलांची उंची-वजने पाहिली जातात, तर प्रौढांच्या हाडांची घनता केव्हा मोजायची ते डॉक्टर ठरवतात. वर्षभरानंतरही टीटीजी घटत नसेल, तर दुसरे काही करण्याआधी दळण, हिंग आणि तळणाचे तेल या क्रमाने घरातली प्रत्येक गोष्ट तपासावी. आई-वडील आणि सख्ख्या भावंडांची, त्यांना काहीही त्रास नसला तरी, एकदा टीटीजी-आयजीए करून घ्यावी, कारण रुग्णाच्या जवळच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. टाइप-१ मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असलेल्या भावंडाची तपासणी तर पुढे ढकलू नये, आणि तीही त्याची पोळी बंद करण्यापूर्वीच करावी.